ओहोटीच्या वेळी

(समुद्राला ओहोटी लागली, की खडकांच्या खोलगट भागांत पाणी साचून राहते. अशा डबक्यांतील जिवांची ओळख लेखिकेने लहानपणच्या आठवणींतून करून दिली आहे.)

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी आमचे गाव आहे. गावाच्या एका बाजूला वाळूचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला काळे खडक. वाळूवर आम्ही मुले कधीही खेळत असू. पण खडकांवर जायचे ते दादींबरोबरच, असा घरचा नियम होता.

खडकांवर कधी जायचे, हे दादी चंद्रावरून ठरवत. चौदावा-पंधरावा चांद आला, की त्या म्हणत, "उद्या सकाळी पाणी खूप मागे जाईल." शेजारच्या काकूंच्या घरी मासेमारी होती. त्या हाच हिशेब तिथीवरून करत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. दादींचे आणि काकूंचे उत्तर बहुतेक सारखेच येई. दोघींचा चंद्र एकच होता ना!

अब्बा कुवेतमध्ये नोकरीला होते. त्यांचे पैसे यायला उशीर झाला, की दादींच्या टोपलीतल्या कालवांचेच कालवण घरी होई. दादी खडकावर कालवे काढायला बसत, तेव्हा आपा, मुन्ना आणि मी डबकी पाहत फिरत असू.

"पाण्यावर सावली पाडू नका आणि थोडा वेळ गप्प बसा," आपा सांगे. मग रिकामे वाटणारे डबके हळूहळू जागे होई. दगडाच्या रंगाचा लहानसा मासा सरकन निघून जाई. दगडाला चिकटलेले समुद्रपुष्प आपले तंतू पसरी. ते दिसते फुलासारखे. पण तो प्राणी आहे. दंश करणाऱ्या तंतूंनी तो लहान जीव पकडून खातो. या सर्वांचे जगणे सोपे नसते. उन्हाने डबक्यातले पाणी तापते, आटते आणि जास्त खारट होते. पावसात त्याच पाण्याचा खारटपणा कमी होतो. काही तासांनी भरतीच्या लाटा येऊन आदळतात. हे सारे सोसून ते तिथे टिकून राहतात.

एकदा मुन्नाने एक सुंदर शंख डब्यात टाकला. पाहतो तर शंख चालू लागला! त्यात खेकडा होता. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ असते. म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि अंग वाढले, की मोठा शंख शोधतो. मुन्नाला तो घरी न्यायचा होता. दादी "नको" म्हणाल्या.

"तुम्ही टोपलीभर कालवे नेता, मग मी एक खेकडा का नेऊ नये?" मुन्नाने रागाने विचारले.

दादी रागावल्या नाहीत. त्यांनी टोपली खाली ठेवली. "बरोबर विचारलेस, बेटा. कालवे आपण खाण्यासाठी नेतो. तीही पोटापुरती. लहान कालवांना मी हात लावत नाही. या खेकड्याचे तू काय करणार?"

"डब्यात ठेवीन."

"आणि मग?"

मुन्ना बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने डबा पाण्यात हळूच रिकामा केला. शंखातून आधी दोन डोळे बाहेर आले, मग पाय. आणि खेकडा दगडाखाली निघून गेला.

"चला, पाणी वळले!" दादी म्हणाल्या. पाणी वळले, की त्या क्षणभरही थांबत नसत. भरतीचे पाणी कधीकधी आपल्या मागच्या खोलगट भागात आधी शिरते. पुढे पाहणाऱ्या माणसाला ते कळत नाही आणि परतीची वाट बंद होते.

पुढे मी नोकरीसाठी मुंबईत आले. हाजीअलीच्या दर्ग्याची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, हे सर्वांना माहीत आहे. पण तिथल्या खडकांवर प्रवाळही राहतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. किनारी रस्ता बांधताना २०२० साली हाजीअली आणि वरळी येथील काही प्रवाळ दुसऱ्या खडकाळ किनाऱ्यावर हलवण्यात आले.

मुलांनो, तुम्ही खडकांवर जाल तेव्हा मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि भरतीची वेळ आधी विचारा. एखादा दगड उचलून पाहिलात, तर तो होता तसाच ठेवा. त्याच्या सावलीत आणि ओलाव्यात कोणीतरी राहत असते.

शब्दार्थ
तिथी – चंद्रावरून मोजलेला दिवस
पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग
कालव – खडकाला चिकटलेला, शिंपल्यात राहणारा जीव
कालवण – रस्सा
प्रवाळ – पोवळे तयार करणारे समुद्रातील जीव

स्वाध्याय
१. खडकांवर जाण्याचा दिवस दादी कसा ठरवत?
२. दशमीला भरती साधारण किती वाजता येईल?
३. मुन्नाने डबा का रिकामा केला? तुमच्या शब्दांत लिहा.