आधी थांबायला शिक

सौंसर

चि. सौ. बाईस,



धाकटा मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून तुला वावरात, बँकेत, पांढुर्ण्याच्या बाजारात सोडून देणारं घरात कोणी उरलं नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तू स्कूटी शिकायचं मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘या वयात कशाला?’ जावईबापू काहीच बोलले नाहीत. तू मला विचारलंस, ‘मावशी, शिकू का?’ शिक. नक्की शिक. पण कोणत्या क्रमाने शिकायचं, हे मला नीट सांगायचं आहे. फोनवर ते अर्धंमुर्धं राहतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

पोट्टे गाडी शिकतात ते आधी पळवायला शिकतात. थांबणं त्यांना पुढे ठेचा खात येतं. त्यांची हाडं जुळून येतात, त्यांना ते खपतं. तुझं तसं नाही. चाळिशीनंतर बाईचं मनगट मोडलं की घराचं सगळंच अडतं, आणि ते पूर्ववत व्हायला महिने जातात. म्हणून तू उलटीकडून सुरुवात कर. आधी थांबायला शिक, मग चालवायला. जिला आपण हव्या त्या जागी गाडी थांबवू शकतो याची खात्री असते, तिचे हात कापत नाहीत. भीती घालवायचा दुसरा कोणताही उपाय मला माहीत नाही.

पहिले काही दिवस गाडी सुरूच करू नकोस. शाळा सुटल्यावर मैदानात ने आणि बंद गाडी हाताने ढकलत चाल. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून पाहा, ते कुठे धरतात हे बोटांना कळू दे. मेन स्टँडवर लावायला शिक. तिथे हाताच्या जोराने गाडी ओढायची नसते. स्टँडची दोन्ही टोकं जमिनीला टेकली की उजव्या पायाने सगळा भार त्यावर द्यायचा, गाडी आपोआप मागे चढते. स्कूटीचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. ती एका बाजूला कलली आणि सावरेना, तर सोडून दे, पडू दे. इंडिकेटर फुटला तर नवा मिळतो. पडती गाडी धरून ठेवायच्या हट्टापायी खांदे आणि मनगटं जातात.

मग सुरू कर, पण एक गोष्ट गाठीला बांध. चालू गाडी हाताने वळवायची नाही. अंगणातून बाहेर काढताना बाया गाडी सुरू करतात, बाजूला उभ्या राहून तिला वळवतात, आणि तोल जाऊ लागला की उजव्या हाताने मूठ घट्ट आवळतात. त्या आवळण्यातच रेस वाढते, गाडी उसळते, आणि घाबरून मूठ आणखीच पिळली जाते. नवशिक्यांची गाडी भिंतीवर जाते ती बहुतेक अशी. म्हणून वळवायची तर आधी बंद कर. बसल्यावर मनगट खाली ठेव आणि दोन बोटं सदा ब्रेकवर राहू दे. मग दहा पावलं जा, थांब. वीस पावलं जा, थांब. खुणेचा दगड ठेव आणि पुढचं चाक बरोबर त्याच्याशी आणून उभं कर. नजर चाकावर नको, लांब जिथे जायचं तिथे असू दे. चाकाकडे पाहणारीचा तोल जातो.

ब्रेक दोन्ही एकदम वापर. पुढच्या ब्रेकला पुष्कळ बाया घाबरतात, पण थांबताना गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचं चाकच जमीन जास्त धरतं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. बहुतेक स्कूटींना जोडब्रेक असतो, डावा दाबला तरी दोन्ही चाकं धरतात. तरी दोन्ही हातांना सवय असू दे. आणि ब्रेक गाडी सरळ असताना लाव, वळणात नको.

आता थोडा हिशेब सांगते, तू गणितात हुशार होतीस. ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते. म्हैस आडवी आली हे दिसून बोटं ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी 11 मीटर पुढे गेली, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला पुढे जवळपास तेवढीच जागा हवी. ताशी 20 ला हे सगळं आठ-नऊ मीटरांत आटोपतं. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौथाईवर येतं. मागून कोणी हॉर्न वाजवला तर हा हिशेब आठव आणि त्याला पुढे जाऊ दे. त्याच्या घाईला तू बांधील नाहीस.

शिकवायला कोणाला घ्यायचं, तेही नीट ठरव. पोरगा सुटीत आला तरी त्याच्याकडून शिकू नकोस. मुलं आईवर चटकन खेकसतात, आणि खेकसलं की हात आखडतात. गावात शाळेच्या बाई, नर्सबाई रोज गाडीवर ये-जा करतात. त्यांतली शांत स्वभावाची एखादी गाठ. बाईमाणसाने गाडी चालवणं आपल्याकडे काही आजचं नाही. 1972 साली कायनेटिकची लुना आली. 1984 मध्ये गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, ती आपल्याच मध्य प्रदेशात पीथमपूरला तयार होत असे. त्या गाड्यांवरून किती जणींनी नोकऱ्या केल्या, पोरं शाळेत पोचवली, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं. कायनेटिक होंडा आली तेव्हा तू अगदी लहान होतीस. तुला उशीर झाला असेल, पण तू काही वेगळं करत नाहीस.

शरीराचंही ऐक. चाळिशीला जवळचं दिसेनासं होतं तेव्हा लांबचंही एकदा तपासून घे. वाचायच्या चष्म्यावर गाडी चालवायची नाही. दिवे लागल्यावर समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपतात, म्हणून पहिलं वर्ष अंधार पडायच्या आत घरी. मान वळायला जड जात असेल तर दोन्ही आरसे हवेतच. डावा आरसा काढून टाकायची जी पद्धत पडली आहे ती तू पाळू नकोस. साडीवर चालवणार असशील तर पदर कमरेला घट्ट खोच, ओढणी असेल तर गाठ मार. चाकात अडकलेलं कापड माणसाला खाली ओढतं. पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाल.

हेल्मेटचं तुला वेगळं सांगते. तू अंबाडा घालतेस. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते वर उचललेलं राहतं आणि तसं घातलेलं पडताना निघून जातं. वेणी घाल, खाली सोड, मग हेल्मेट घाल आणि हनुवटीखालचा पट्टा लाव. आयएसआयचा शिक्का बघून घे, रस्त्याच्या कडेला टांगलेलं स्वस्तातलं नको. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं. नसेल तर दंड आहे, पण दंडासाठी घालू नकोस. गावातल्या गावात जातानाही घाल.

आता आपल्या रस्त्यांबद्दल. पावसाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टर डांबरीवर चढतात आणि चाकांची काळी माती रस्त्यावर सोडतात. तिच्यावर पाऊस पडला की ती साबणासारखी होते, तिथे ब्रेक नाही, वळण नाही, फक्त रेस सोडून सरळ जायचं. संत्र्याचा तोडा सुरू झाला की बगीच्यांतून गाड्या अचानक रस्त्यावर येतात. कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. रेल्वेचं फाटक ओलांडताना रूळ तिरपे कापू नकोस, चाक अडकतं. सरळ काटकोनात जा. पांढुर्ण्याला नागपूर-बैतूल महामार्ग लागतो. तिथे दुभाजकातला पुढचा कट लांब पडतो म्हणून उलट्या बाजूने जाणारे रोज दिसतील. तू लांबून जा. ट्रकच्या डाव्या अंगाला कधी घुसू नकोस, तिथे ड्रायव्हरला तू दिसत नाहीस. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दगडफेकीच्या गोटमारीला, गाडी घेऊन पांढुर्ण्यात शिरायचंच नाही. जाम नदीकडे जाणारी गर्दी कधी कुठे वळेल सांगता येत नाही.

कागद आधी कर, गाडी नंतर घे. लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. तू चाळिशीपुढची, तेव्हा फॉर्म 1-ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. त्या निमित्ताने रक्तदाब, साखर पाहून घे. पक्कं लायसन्स 10 वर्षांचं मिळेल. लर्निंगवर असताना मागे लायसन्स असलेल्या शिकवणारीशिवाय कोणालाही बसवायचं नाही. आणि गाडी तुझ्या नावावर घे, जावईबापूंच्या किंवा पोराच्या नको. विम्यासोबत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते जिच्या नावावर गाडी आणि जिच्याकडे लायसन्स, तिलाच मिळतं. शिवाय आपल्या घरांत वावर, घर, बँकखातं सगळं दुसऱ्या कोणाच्या नावावर असतं. एक वस्तू तुझी असू दे.

थांबायला शिक म्हणते त्यात आणखी एक गोष्ट येते. गाडी आली की अख्खी आळी तुझ्याकडे पाहील. ‘ताई, मला फाट्यापर्यंत सोड’, ‘पोरांना शाळेत टाकून दे’, ‘जाता जाता हे पोतं ने’. एकाच बाजूने बसलेली बाई मागे असली तर तोल सावरायला मुरलेला हात लागतो. पहिलं वर्ष एकटीने चालव. नाही म्हणताना वाईट वाटेल, पण ‘अजून हात बसला नाही’ म्हटलं की माणसं समजून घेतात. घरच्यांनी ‘आता तू जातेस ना’ म्हणून सगळी बाहेरची कामं तुझ्यावर टाकली, तर तिथेही थांब. गाडी तुझा वेळ मोकळा व्हावा म्हणून घ्यायची आहे. त्या वेळात तू दुपारची पांढुर्ण्याला मैत्रिणीकडे गेलीस, बगीच्यात झाडांवरून नजर फिरवून परत आलीस, तर त्याचं कोणाला कारण द्यायची गरज नाही.

माझ्याकडे सौंसरला यायला मात्र गाडी काढू नकोस. अजून वर्षभर बसनेच ये. लर्निंगची तारीख मिळाली की कळव, आणि मैदानावर खुणेच्या दगडाशी चाक बरोबर थांबू लागलं की तेही कळव. मी त्याचीच जास्त वाट पाहते आहे.

सर्वांना यथायोग्य.

तुझी,
मावशी