उघडा फिल्टर आणि मुळशीची हवा

वेगाची हौस असलेल्या मोटारमालकास मिळणाऱ्या सल्ल्यांत, कंपनीने दिलेला हवेचा बंद डबा काढून त्याजागी उघडा कोन फिल्टर बसवावा, म्हणजे इंजिनात भरपूर हवा जाऊन गाडीचे पिकअप वाढते, हा सल्ला सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय असतो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, पिरंगुटास वास्तव्य असल्यामुळे चांदणी चौक ते ताम्हिणी हा रस्ता बारमाही पायाखाली घालणाऱ्या, आणि आपल्या छोट्या टर्बो पेट्रोल गाडीवर हा प्रयोग उन्हाळ्यात व पावसाळ्यात करून पाहिलेल्या माझ्यासारख्याचा अभिप्राय विचाराल, तर तो असा की, या फिल्टराने आवाज निश्चित वाढतो, शक्ती जवळजवळ वाढत नाही, आणि मुळशीच्या मुलखात तर ती वेळप्रसंगी घटते.

असे का व्हावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, त्यामुळे अधिक शक्तीसाठी अधिक हवा हवी, हे तत्त्व निर्विवाद होय; १.४ लिटरचे इंजिन मिनिटास ६,००० फेऱ्यांवर, टर्बोची भर न धरताही, ४,००० लिटरांहून अधिक हवा ओढते. परंतु ही हवा फिल्टरपाशी अडून राहते, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. स्वच्छ कागदी फिल्टर हवेला जो अडथळा करतो तो अत्यल्प असतो, आणि टर्बो गाडीत तर सिलिंडरांना किती दाबाची हवा द्यावयाची, याचा निर्णय इंजिनचा संगणक करतो. सरकारी कचेरीच्या बारनिशीत आवक कितीही नोंदली गेली तरी मंजुरी साहेबाच्या सहीवाचून मिळत नाही, तोच हा प्रकार. आपल्याच जिल्ह्यातील रांजणगावच्या फियाट कारखान्यात तयार झालेल्या दोन गाड्यांचा दाखला येथे बोलका आहे. लिनिया टी-जेटमध्ये ११४ अश्वशक्ती देणारे १.४ लिटरचे इंजिन २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोमध्ये १४५ अश्वशक्ती देऊ लागले, ते मुख्यतः टर्बोचा दाब आणि संगणकातील आज्ञावली बदलल्यामुळे. फिल्टरच्या आकाराचे ते श्रेय नव्हे.

हवा किती येते याइतकेच ती कशी येते, याला महत्त्व आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने चढले की हवेची घनता सुमारे ३ टक्क्यांनी उतरते. आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असलेल्या आपल्या पठारावर ती आधीच पाचएक टक्क्यांनी विरळ असते. कंपनीचा डबा बंद असतो, त्याची नळी बॉनेटच्या तप्त पोकळीबाहेरून, पुढच्या जाळीमागून हवा घेते. उघडा कोन मात्र इंजिनशेजारचीच तापलेली हवा ओढतो. एप्रिलातल्या दुपारी भूगावच्या कोंडीत गाडी खोळंबली असता गाडीच्या संगणकास जोडलेल्या मोबाइलवर दिसणारा आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा साठ अंशांच्या पार गेला, आणि रस्ता मोकळा होऊन मी पिरंगुटचा घाट चढू लागलो तरी तो लवकर खाली येईना. अशा तप्त हवेने नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा पाडतो. अर्थात, ज्या शक्तीसाठी पैसे मोजले, तीच तो आखडती घेतो. चालकास मात्र फिल्टरचा सुस्कार ऐकून गाडी जोरात पळाल्याचा भास होत राहतो, कारण हा आवाज दाबून ठेवणारी पोकळीही मूळ डब्याबरोबर निघून गेलेली असते.

पावसाळ्याची कैफियत याहून गंभीर आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. तेथील रस्त्यावरून समोरून येणारी एस.टी. जे पाणी उडविते, त्यापासून उघड्या कोनाचे रक्षण करणारे काहीच नसते. याच रस्त्यावर एकदा निवे गावाच्या अलीकडे माझ्या गाडीचे इंजिन आचके देऊ लागले आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. टपरीच्या आडोशास बॉनेट उघडले, तो फिल्टरच्या तेल लावलेल्या सुती घड्या पाण्याने थबथबलेल्या. पुढे गॅरेजात हवेचा मापक उघडला असता, त्यातील केसासारख्या बारीक तारेवर फिल्टरच्याच तेलाचा तपकिरी लेप बसलेला आढळला. त्या दिवशी यावरच निभावले. पाणी सिलिंडरमध्ये शिरले असते, तर ते दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकून इंजिनचीच वासलात लागली असती.

तेव्हा ज्यांना हा मार्ग पत्करावयाचा आहे त्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रथम कंपनीचा नवा कागदी फिल्टर बसवून पाहावा, कारण डंपरांच्या धुळीने तुंबलेला जुना फिल्टर बदलल्यानेच पुष्कळदा तक्रार मिटते. शक्ती मोजणाऱ्या डायनो यंत्रावर खात्री करावयाची तर आधीची व नंतरची चाचणी एकाच दिवशी, बॉनेट बंद ठेवून घ्यावी, आणि दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर इतबार ठेवू नये. मोठा टर्बो व नवी आज्ञावली यांसाठी खरोखरच जास्त हवा लागत असेल, तर मात्र बाहेरून थंड हवा घेणारा बंदिस्त इनटेक उपयोगी पडतो. बदलाची माहिती विमा कंपनीस लेखी कळवावी, इंजिनच्या संरक्षणाचे कलम पॉलिसीत आहे की नाही ते तपासावे, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी काही झाले तरी पुन्हा सुरू करू नये. ज्यास केवळ आवाजाची हौस आहे त्याने फिल्टर आवाजासाठीच घ्यावा. मूळ डबा मात्र गॅरेजवाल्याकडे सोडून न येता त्याच्या क्लिपा-नळ्यांसकट घरी जपून ठेवावा, आणि मृगापूर्वी तो पुन्हा बसवून घ्यावा.