फौजीच्या औषधपिशवीचा आढावा : पायरी-पायरीनं

सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातलं, नागपूर–वर्धा लोहमार्गावरचं गाव. इथला निवृत्त हवालदार महिन्याच्या गोळ्यांसाठी ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक गाठतो. मोठं दुखणं निघालं की सेवाग्राम, सावंगी किंवा कामठीचं मिलिटरी हॉस्पिटल. मधल्या दिवसांत गुडघा ठणकला की बाजारातल्या मेडिकलमधून चार गोळ्या. तिन्हीकडची औषधं एकाच पिशवीत जमतात आणि ती सगळी एकत्र कुणी पाहिलेलीच नसतात. ती पाहणं हे फार्मासिस्टचं काम आहे.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. पॉलिक्लिनिकात वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत फार्मासिस्टही असतो. पण खिडकीपुढे रांग असते आणि तिथे चिठ्ठीवरची औषधं देण्यापलीकडे फारसं काही होत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट प्राथमिक उपचाराच्या चमूत बसतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत डोसही बदलतो. आपल्याकडे तो अधिकार नाही, चिठ्ठी डॉक्टरांचीच. मात्र रुग्णाला औषधं नीट समजावून सांगणं हे फार्मसी प्रॅक्टिस नियमावली, २०१५ नुसार आपलं कर्तव्य आहे. खालची कृती त्या चौकटीतच बसते. ती रुग्णाच्या ओसरीवर सुरू होते आणि डॉक्टरांच्या टेबलावर संपते.

काय हवं

बीपी मोजायचं यंत्र आणि योग्य मापाचा पट्टा, ग्लुकोमीटर, कोरी वही, जाड मार्कर, ईसीएचएस कार्ड, शेवटची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि अलीकडचा क्रिएटिनिन, पोटॅशियम, एचबीए१सीचा रिपोर्ट. आणि सलग पाऊण तास, तोही न्याहारीनंतरचा. उपाशीपोटी बोलावलं तर साखरेच्या रुग्णाचं आधीच बिनसलेलं असतं.

पायरी १ : निरोप नीट द्या

‘औषधं घेऊन या’ म्हटलं की माणूस चालू महिन्याची पाकिटं तेवढी आणतो. निरोप असा द्या : घरात आहे ते सगळं एका पिशवीत भरा. संपत आलेलं, बंद केलेलं, शेजाऱ्यानं दिलेलं, चूर्ण, काढा, तेल, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, सगळं. काकूंचीही औषधं वेगळ्या पिशवीत मागवा. पत्नीचं कार्ड स्वतंत्र असतं, पण घरातला गोळ्यांचा डबा बहुतेक वेळा एकच.

पायरी २ : बसायची जागा ठरवा

तोफखान्यात किंवा फायरिंग रेंजवर वर्षं काढलेल्यांना ऐकू कमी येतं, आणि ते कबूल करत नाहीत. कोणत्या कानानं बरं ऐकू येतं ते विचारा आणि त्या बाजूला बसा. हाक हुद्द्यानं मारा : ‘सुभेदार साहेब’, ‘हवालदार साहेब’. ‘आजोबा’ म्हटलं की निम्मा संवाद तिथेच आटोपतो.

पायरी ३ : पिशवी रिकामी करा, मग विचारा

सगळं सतरंजीवर मांडा. ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘काही नाई जी, सगळं बराबर हाय.’ नोकरीभर तक्रार न करण्याची सवय लागलेली असते. म्हणून एकेक पाकीट हातात देऊन तीनच गोष्टी विचारा : ही कशासाठी? कधी घेता? काल घेतली का? मिळालेलं उत्तर चिठ्ठीशी ताडून न पाहता आहे तसं वहीत उतरवा. ताडणं नंतर.

पायरी ४ : घटकाप्रमाणे ढीग करा

पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. पुरवठा बदलला की कंपनी बदलते, मागच्या महिन्यातली पांढरी गोळी या महिन्यात गुलाबी होते. एखादं औषध पॉलिक्लिनिकात ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, पडलं की ते बाहेरून येतं, तिसऱ्याच नावानं. मग सतरंजीवर तीन वेगळ्या रंगांची पाकिटं दिसतात आणि तिन्हींच्या आत टेल्मिसार्टन ४० मिलीग्रॅमच असतं. जुनी वाया जाऊ नये म्हणून सकाळी जुनी आणि रात्री नवी चाललेली असते. उभं राहिलं की चक्कर येते त्याचं कारण कधी कधी एवढंच.

अशी पाकिटं एका रबरबँडमध्ये बांधा आणि वर मार्करनं लिहा : ‘बीपी, सकाळी १, यातली कोणतीही एकच.’ ताकद वेगवेगळी असेल तर एकत्र बांधू नका. मुदत संपलेली औषधं त्यांच्या संमतीनं बाजूला काढा.

पायरी ५ : गोळ्या मोजा

औषध मिळाल्याची तारीख कार्डावर किंवा चिठ्ठीवर असते. ३० गोळ्या मिळून २१ दिवस झाले तर ९ उरायला हव्यात. २० उरल्या तर खाडे पडताहेत. २ उरल्या तर अधूनमधून जास्तीची घेतली जाते आहे किंवा घरात वाटून खाल्ली जाते आहे. काकूंनाही बीपी असेल तर दुसरी शक्यता आधी तपासा. आकडा दाखवताना जाब विचारल्याचा सूर नको. ‘साहेब, हिशेब जुळत नाही, कुठे राहिलं असेल?’ एवढं पुरतं.

पायरी ६ : मोजमाप घ्या

पाच मिनिटं शांत बसल्यावर बीपी घ्या. मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर उभं राहताना बीपी पडतं असं समजा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, सोबत बीपीची दोन औषधं आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम असं एकत्र असेल, तर रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडण्याची भीती खरी असते. झोपेची गोळी मात्र एकदम बंद करायला सांगू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच उतरवायची असते.

पायरी ७ : चार अवघड प्रश्न

*दुखण्याची गोळी.* ‘गुडघ्यासाठी, कंबरेसाठी काय घेता?’ डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, आणि लघवीची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर घाला पडतो.

*कॅन्टीनची बाटली.* ‘पिता का?’ असं विचारू नका. ‘कोटा येतो का, आणि महिनाअखेर किती उरतो?’ असं विचारा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारा न जेवता पेग घेऊन झोपला तर पहाटे साखर धोकादायक उतरू शकते. उपदेश टाळा, आधी जेवण आणि मोजकं प्रमाण यावर बोला. क्लोनाझेपाम चालू असेल तर मात्र दारू नाहीच, हे स्पष्ट सांगा.

*झोप.* दचकून उठणं, जुनी स्वप्नं, आवाजाची चीड हे तो आपणहून सांगणार नाही, काकू सांगतील. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला आहे.

*औषधानं आणलेलं दुखणं.* ॲम्लोडिपिननं पायाला सूज येते, सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते. रामिप्रिलनं कोरडा खोकला लागतो, खोकल्यासाठी सिरपच्या बाटल्या संपतात. प्रत्येक नव्या औषधाच्या आधी कोणतं सुरू झालं होतं, ते तारखेनं लावा. संशय आला तर डॉक्टरांना कळवाच, शिवाय भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे नोंद करा. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.

पायरी ८ : उन्हाळ्याचा कागद

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि निवृत्त फौजी सकाळपासून वावरात असतो. उलट्या-जुलाब, जोराचा ताप किंवा पाणीही पोटात ठरत नसेल अशा दिवशी मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन, लघवीची गोळी यांतलं काय थांबवायचं आणि कधी पुन्हा सुरू करायचं, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधीच लिहून घ्या. तो कागद गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा. इन्सुलिन मनानं बंद करायचं नाही, हे त्यावर ठळक हवं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात पिशवीत गुंडाळलेली वापरातली बाटली सावलीत ठेवा. वाळू दोन वेळा ओली करा. बाटलीवर उघडल्याची तारीख घाला.

पायरी ९ : डॉक्टरांसाठी अर्धं पान

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. सगळं लिहू नका. सर्वांत धोक्याच्या तीन गोष्टी, प्रत्येकीसोबत पुरावा आणि सूचना. नमुना :

‘वय ७१, पुरुष. क्रिएटिनिन १.८, ईजीएफआर सुमारे ४०.
१) मेटफॉर्मिन दिवसाला २००० मिलीग्रॅम. ईजीएफआर ४५ च्या खाली आहे. १००० पर्यंत कमी करण्याचा विचार व्हावा.
२) टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक रोज. डायक्लोफिनॅक बंद करून पॅरासिटामॉल व लावायचं जेल देता येईल का? पोटॅशियम, क्रिएटिनिन पुन्हा तपासावं.
३) उभं राहिल्यावर बीपी १३८ वरून ११२. टेल्मिसार्टन दोन नावांनी दुप्पट चालू होतं. चिठ्ठीप्रमाणे एकच घेण्यास समजावलं आहे.’

तिसरी गोष्ट आपल्या हातातली होती, कारण चिठ्ठी बदलली नाही, ती पाळायला लावली. पहिल्या दोन डॉक्टरांच्या सहीशिवाय हलवायच्या नाहीत.

पायरी १० : ‘रिपीट’ घ्या

डॉक्टरांचा निर्णय आला की एकाच कागदावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने करा. औषधाचं नाव, कशासाठी, किती. मग सांगा, ‘साहेब, आता रिपीट करा.’ वायरलेसवर ऑर्डर परत म्हणून दाखवायची सवय फौजीला असते, ‘समजलं का?’ या प्रश्नाला मान डोलावणारा माणूस इथे नेमका कुठे अडतो ते लगेच दिसतं. काकूंसमोरच घ्या.

पायरी ११ : पुढची तारीख

बदल केल्यावर दोन आठवड्यांत फोन आणि बीपी किंवा डोकेदुखी-चक्करेची चौकशी. महिन्याभरात किडनीची तपासणी. तीन महिन्यांनी पुन्हा पिशवी. तारीख लावताना गावाचं वेळापत्रक बघा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा सिंदीत मोठा असतो, त्या आठवड्यात कुणी सापडत नाही. सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी चालू असेल तर संध्याकाळची वेळ ठेवा.

लगेच दवाखान्यात पाठवायचं असं

छातीत दाब किंवा घाम. एका बाजूची कमजोरी, वाकडं तोंड. काळी शौच, विशेषतः ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना. साखर ७० च्या खाली आणि शुद्ध हरपत चाललेली. दिवसभर लघवी नाही. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घालू नका. १०८ ला फोन करा आणि पिशवी रुग्णासोबतच गाडीत द्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटापासून चालू औषधं कळतील.