हरवलेल्या लेकी आणि पहिली नोंद

आपल्या स्मरणिकेत धम्म, चळवळीचा इतिहास आणि शिक्षण या विषयांवर दरवर्षी लेख येतात. या खेपेस आम्ही अभ्यासासाठी जरा निराळा विषय घेतला आहे. विषय अप्रिय आहे. वस्तीत तो दबक्या आवाजात बोलला जातो आणि सभेत टाळला जातो. घरातून निघून परत न आलेल्या आपल्या मुलींचा आणि स्त्रियांचा हा विषय आहे. त्यांच्या शोधासाठी शासनाने काय केले आणि ते आपल्यापर्यंत किती पोहोचले, हे पाहावयाचे आहे.

२०२४ साली सांगली जिल्ह्यातील एका माजी सैनिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यांची स्वतःची मुलगी बेपत्ता झालेली होती. परंतु याचिका त्यांनी आपल्या मुलीपुरती ठेवली नाही. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक स्त्रिया बेपत्ता झाल्या, त्यांना शोधण्यासाठी शासनाची यंत्रणा काय करते, असा त्यांचा सवाल होता. त्याच तीन वर्षांचे देशाचे आकडे जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगण्यात आले. अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद होती. यातील पुष्कळ जणी सापडतात, काही आपणहून परततात, हे खरे. परंतु ज्या सापडत नाहीत त्यांची संख्याही लहान नाही.

आता आपला प्रश्न असा की, यात आपल्या किती? बौद्ध किती, मातंग किती, पारधी, कैकाडी, वडार किती? या प्रश्नाला उत्तर नाही. बेपत्तांच्या सरकारी तक्त्यात वय आणि लिंग यांचे रकाने आहेत, जातीचा रकानाच नाही. अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांचा वेगळा तक्ता आहे, पण त्यात यायचे तर आधी गुन्हा नोंदवला गेला पाहिजे. केवळ ‘हरवली’ अशी नोंद झालेली मुलगी त्या तक्त्यात कधीच येत नाही.

परदेशात काय आहे तेही पाहू. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली तेव्हा नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, म्हणून तुलना परकी वाटू नये. अमेरिकेत पोलिसांच्या नोंदीत वंशाचा रकाना असतो. २०२२ साली तेथे २,७१,४९३ मुली व स्त्रिया बेपत्ता म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांत ९७,९२४ कृष्णवर्णीय होत्या, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. लोकसंख्येतील त्यांचा वाटा मात्र सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. आकडा समोर आल्यावर शासनाला हलावे लागले. मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये बेपत्ता व खून झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून १२ ते २५ वयाच्या बेपत्ता कृष्णवर्णीयांसाठी तातडीची वेगळी सूचना देण्याचा कायदा लागू झाला. तेथेही सगळे आलबेल नाही. मूळनिवासी स्त्रिया व मुली बेपत्ता झाल्याच्या २०१६ सालातील ५,७१२ तक्रारींपैकी न्याय खात्याच्या माहितीसाठ्यात फक्त ११६ चढल्या होत्या. म्हणजे रकाना असूनही लिहिणारा हात आळसला की माणूस कागदावरून नाहीसा होतो.

शासन मोजते तेव्हा काहीतरी करते, याची दोन उदाहरणे आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली निघाल्या. साताऱ्यात ‘नकुशा’ नावाच्या मुली किती आहेत याची आरोग्य खात्याने गावोगाव पाहणी केली आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली. नाव बदलून नशीब बदलते काय, अशी थट्टा तेव्हा झाली. आम्हांला ती थट्टा मान्य नाही. त्या २८५ जणी कोणत्या घरात आहेत हे त्या पाहणीमुळे तरी कळले. सांगलीकडे मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ मध्ये कायदा केला होता, तरी हे घडले. परंतु कायदा होता, आकडा होता, म्हणून गजाआड जाणारा कोणी होता.

जन्मलेल्या आणि मग हरवलेल्या मुलींसाठीही कायदा अगदीच नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली होरीलाल प्रकरणात पोलिसांनी काय काय करावे ते सांगितले आहे. आठवड्याच्या आत फोटो प्रसिद्ध करणे, रेल्वे स्थानक व बसस्थानकावर तो लावणे, शेजारी, शाळा, मैत्रिणी यांच्याकडे चौकशी करणे, वगैरे. मुलीचा फोटो छापण्यास पालकांची लेखी संमती लागते, हेही त्यात आहे. ती संमती पहिल्याच दिवशी लिहून द्यावी. पुढे १० मे २०१३ रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा दाखल करावा. चार महिन्यांत शोध न लागल्यास प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यावे. २०१५ पासून ‘मुस्कान’ मोहिमा निघाल्या आणि हरवलेल्या मुलांना शोधून घरी पोहोचवण्याचे काम त्यांतून झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात खबर लिहून घेण्याचे स्पष्ट बंधन घातले आहे.

हे सर्व वाचून समाधान वाटते. पण अठराव्या वाढदिवसाची रेघ नीट पाहावी. रेघेच्या अलीकडे असेल तर गुन्हा, आणि गुन्हा म्हटला की तपास आला. रेघेच्या पलीकडे असेल तर घातपाताचा संशय दाखवता येईपर्यंत केवळ ‘मिसिंग’. ठाणे अंमलदार वहीत एक ओळ लिहितो आणि म्हणतो, “सज्ञान आहे, येईल.”

ही रेघ कशी आडवी येते ते आम्ही काउंटरवर पाहिले. एके दिवशी एक बाई मुलीचे पासबुक घेऊन आल्या. मुलीचे शिष्यवृत्तीचे खाते होते. मुलगी बारावीत, कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नव्हती. बाई म्हणाल्या, “सायेब, पैशे नकोत मला. ह्यातनं कुणी पैशे काढल्यात का, तेवढं बघा.” आम्ही पाहिले. मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातील एका ए.टी.एम. मधून ३०० रुपये निघाले होते. पण खातेदार सज्ञान. तिच्या खात्याची माहिती दुसऱ्यास, आईससुद्धा, देण्यास नियमाची मनाई. आम्ही एवढेच सांगितले की, पोलिसांचे पत्र आणा, लगेच देतो.

पत्र सात आठवड्यांनी आले. तोपर्यंत ए.टी.एम. च्या कॅमेऱ्यातील चित्रण पुसले गेले होते.

नंतर कागद पाहिले तेव्हा कळले की, मुलगी सज्ञान नव्हतीच. आईवडील ऊसतोडीला जात. मुलगी थंडीत फडावर जन्मली आणि गावच्या दप्तरात जन्माची नोंद झाली नाही. शाळेत घालताना गुरुजींनी सवयीने १ जून लिहिला. आमच्या पिढीतील निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच आहे, त्यावर आपण हसतो. या मुलीच्या बाबतीत त्या तारखेने तिला सहा महिने आधीच सज्ञान केले. ठाण्यात त्यामुळे गुन्हा दाखल झाला नाही आणि बँकेत त्याच तारखेमुळे आमचे तोंड बंद झाले. मुलगी आजतागायत सापडलेली नाही. त्या दिवशी नियम मोडून आकडा सांगितला असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पण निदान त्याच दिवशी बाईंबरोबर ठाण्यात जाऊन पत्र मागता आले असते. त्याला कोणत्याही नियमाची आड नव्हती. आम्ही पाचपर्यंत काउंटरवर बसून राहिलो.

तो कागद पुढेही लागतो. सात वर्षे एखाद्याची खबर नसेल तर कायदा त्यास मृत मानू देतो. अशा खात्यातील लहान रकमा पोलिसांतील खबर आणि शोध लागत नसल्याचा अहवाल पाहून वारसांना द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २००८ साली केली होती. ज्यांनी अब्रूपायी तक्रारच दिली नाही, त्यांच्यापाशी यांपैकी एकही कागद नसतो.

तक्रार न होणारी बेपत्ता आणखी एक आहे. जत आणि मिरज तालुक्यांना लागून कर्नाटकाची हद्द आहे. त्या वाटेने यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या कित्येक मुली पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात पोहोचल्या. घरच्यांनीच सोडलेल्या मुलीची तक्रार कोण देणार? १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्यासमोर भाषण करून हे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. कायदा त्याच्या आधी, १९३४ पासूनच होता. १९८२ साली कर्नाटकाने आणि २००५ च्या कायद्याने महाराष्ट्राने बंदी कडक केली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रीस देवाला वाहणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरला. हा कायदा लावावयाचा तर खबर लिहितानाच जात लिहिली गेली पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले आहे. परंतु घाबरलेला बाप ठाण्यात नुसते ‘बौद्ध’ सांगतो, दाखला घरी पेटीत असतो, आणि ते कलम लागायचे राहून जाते.

येथे एक सावधगिरी हवी. घर सोडून गेलेली प्रत्येक सज्ञान मुलगी हरवलेली नसते. आपल्या मनाने लग्न करून गेलेल्या मुलीस ‘मिसिंग’च्या नावाखाली ओढून आणणे हे शोधकार्य नव्हे. आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी हा घोटाळा करू नये. ती सुखरूप आहे एवढे कळले की आपला हक्क संपला.

आणि जी परत येते तिचे काय? पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकतो. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातील ही मुलगी घरच्या नोकराबरोबर पळून गेली होती. पुढे पती, दोन मुले, आईवडील, भाऊ सारे गमावून ती अंगावरील वस्त्राचेही भान न राहिलेल्या स्थितीत जेतवनात आली. लोक तिला हुसकावू लागले. तथागतांनी तिला येऊ द्या म्हटले. तू पळून का गेली होतीस, हे तिला विचारले नाही. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य ठरली. कथा संपल्यावर आपण साधुकार देतो. आमच्या माहितीतील एक मुलगी मात्र दोन वर्षांनी परत आली तेव्हा तिला दिवसा नव्हे, रात्री घरात घेतले गेले आणि आठवड्यात दूरच्या मावशीकडे पाठवले गेले. विहारात ती पुन्हा आली नाही, आणि आपणही कोणी तिच्या घरी गेलो नाही.

आमच्या विहारातील महिला मंडळाने गेल्या पौर्णिमेस वस्तीतील मुलींचे शाळेचे दाखले तपासावयास घेतले. ठिकठिकाणी १ जून निघाला. मुलगी शाळेत आहे तोवर तारखेची दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. म्हणून दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दुरुस्तीचे अर्ज भरून दिले जातात. येताना जन्माचा जो असेल तो पुरावा, लसीकरणाचे कार्डसुद्धा चालेल, मुलीच्या जातीच्या दाखल्याची प्रत आणि एक अलीकडचा फोटो आणावा. या सर्वांच्या प्रती विहाराच्या कपाटात ठेवल्या जातील. कपाटाची किल्ली महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे असते, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तरी त्यांचे दार वाजवावे असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.