गंद्रायण : हिमालयातील एक सुगंधी मूळ

मकरसंक्रांतीच्या सुमारास कुमाऊँमधील बागेश्वर येथे, सरयू आणि गोमती या नद्यांच्या संगमावर, उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. उंच खोऱ्यांतून आलेले भोटिया व्यापारी तेथे लोकरीची आसने, शाली आणि घोंगड्या मांडून बसतात. त्यांच्याच शेजारी लहानलहान ढीग असतात ते वाळलेल्या, सुरकुतलेल्या, तपकिरी मुळांचे. त्यांचा उग्र गोडसर वास बराच दूरवर येतो. हे मूळ म्हणजे गंद्रायण. गढवालात त्यास छिप्पी म्हणतात, तर हिमाचल प्रदेशात चोरा. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव ‘अँजेलिका ग्लाऊका’ असे आहे.

ज्या चामरकुलात ही वनस्पती मोडते त्याची ओळख महाराष्ट्रातील गृहिणीला नव्याने करून देण्याचे कारण नाही. कोथिंबीर, जिरे, ओवा, शेपू, बडीशेप व गाजर ही सारी याच कुलातील आणि हिंगाचे झाडही त्यातीलच. छत्रीच्या काड्यांप्रमाणे एकाच बिंदूतून निघालेले देठ आणि त्यांच्या टोकांवर बारीक फुलांचे झुबके, ही या कुलाची सहज पटणारी खूण होय. मात्र केवळ या खुणेवर विसंबून रानातील झाड तोंडात घालणे धोक्याचे ठरते. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला देण्यात आलेले विषही याच कुलातील एका वनस्पतीचे होते. म्हणूनच डोंगरातील जाणती माणसे फुलोऱ्यावर न थांबता पान, खोड आणि मुळाचा वास या तिन्ही गोष्टी पाहून मगच गंद्रायण ओळखतात.

काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत, सुमारे दोन हजार ते पावणेचार हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात ही वनस्पती आढळते. भूर्जवृक्षांच्या वनाची कड, ओढ्याकाठचा ओलसर उतार, कुजलेल्या पानांची काळी माती आणि दिवसाचा बराच काळ सावली, अशी जागा तिला मानवते. खोड पोकळ असून पुरुषभर उंच वाढू शकते. पानांची खालची बाजू निळसर पांढुरकी दिसते. शास्त्रीय नावातील ‘ग्लाऊका’ या शब्दाचा अर्थही तोच. पावसाळ्यात पांढरी फुले येतात आणि शरदात चपटी, पंखयुक्त फळे पिकतात. हिवाळ्यात वरचा सर्व भाग वाळून बर्फाखाली जातो आणि झाड मुळाच्या रूपाने जिवंत राहते.

मुळातील सुगंधी तेलात थॅलाइड वर्गातील द्रव्ये असतात. सेलरीचा वासही अशाच द्रव्यांमुळे येत असल्याने या दोन वासांचे साम्य जाणवते. डोंगरातील स्वयंपाकघरात मुळाचा लहानसा तुकडा कुटून तुपाच्या फोडणीत टाकतात. राजमा, उडीद किंवा कुळीथ यांसारखी जड कडधान्ये त्यामुळे रुचकर होतात आणि पोटात वायू धरत नाही, असा तेथील अनुभव आहे. आपल्याकडे हिंग जे काम करतो तेच हे. चरकसंहितेत हिंगाबरोबर एकाच गणात ‘चोरक’ नावाचे द्रव्य सांगितले आहे. चोरक म्हणजे हीच वनस्पती, असे अनेक वैद्य मानतात.

बद्रीनाथाच्या यात्रेस जाणारे मराठी यात्रेकरू पुढे माणा गावापर्यंत जातात. माणा, नीती, जोहार, दारमा आणि ब्यांस ही भोटियांची खोरी. उन्हाळ्यात वरच्या गावी आणि हिवाळ्यात खालच्या वस्तीला, असा त्यांचा वर्षक्रम असे. तिबेटातून मीठ, लोकर व टाकणखार आणावा आणि धान्य पोहोचवावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार १९६२ च्या युद्धाने बंद पडला. लिपुलेख खिंडीतून तो १९९२ मध्ये मर्यादित स्वरूपात सुरू झाला खरा, पण मधल्या तीस वर्षांत अनेक कुटुंबांना उपजीविकेची दुसरी साधने शोधावी लागली होती. त्या साधनांत वनौषधींचे स्थान मोठे होते.

येथेच खरी अडचण आहे. टाकळा किंवा कुर्डू यांसारख्या रानभाजीची पाने खुडली तर ती पुन्हा फुटतात. गंद्रायणाचे मूळ खणले की झाड संपते. शिवाय मोठे मूळ म्हणजे काही वर्षांचे झाड, म्हणजेच बी धरणारे झाड. बी पडण्यापूर्वीच ते खणले गेले तर त्या जागी नवे रोप कोठून येणार? पूर्वीही लोक मुळे काढीत. पण घरच्या वर्षभराच्या फोडणीला ओंजळभर मुळे पुरत आणि औषधांच्या बाजाराला पोती लागतात. आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या वनस्पतीची गणना संकटग्रस्त जातींमध्ये केली आहे.

केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणारा नाही, कारण खणणाऱ्याच्या घरी दुसरे पीक थोडे असते. शेतात लागवड हाच उपाय अधिक टिकाऊ दिसतो आणि श्रीनगर-गढवाल येथील उच्च शिखरीय वनस्पतींच्या संशोधन केंद्राने त्या दृष्टीने अभ्यास केला आहे. बी ताजे असतानाच पेरावे लागते. ठेवून दिल्यास त्याची उगवणशक्ती घटते. हिमालयातील अनेक वनस्पतींप्रमाणे या बियालाही थंडीचा काळ मिळाला तर ते चांगले रुजते. त्यामुळे हिवाळ्यापूर्वी पेरणी करून बी बर्फाखाली राहू देणे सोयीचे पडते. डोळा असलेला मुळाचा माथा कापून लावला तरीही रोप तयार होते, म्हणजे काढणीच्या वेळीच पुढील पिकाची तजवीज करता येते. बटाटा किंवा राजमा वर्षाच्या आत पैसा देतो. गंद्रायणाची मुळे विकण्याजोगी होण्यास मात्र साधारण तीन वर्षे लागतात. लहान शेतकऱ्याने संपूर्ण शेत त्यास द्यावे, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. बांधावर, सफरचंदाच्या सावलीत किंवा घरामागच्या ओलसर कोपऱ्यात त्याची सुरुवात होऊ शकते.

वाळल्यानंतर रानातले मूळ आणि शेतातले मूळ सारखेच दिसते, ही आणखी एक अडचण. तपासणी नाक्यावर प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही संशयाने पाहिला जातो. याकरिता उत्तराखंडात औषधी वनस्पतींच्या लागवडीची नोंदणी करण्याची पद्धत आहे. लागवड केल्याचा दाखला जवळ असला म्हणजे तीन वर्षे राखलेली मुळे तो उजळ माथ्याने जत्रेत नेऊ शकतो.