उपरोध कागदावर उतरतो तेव्हा

शास्त्रवाचन : १ करिंथ ४:६-२१

करिंथ येथील मंडळीत गट पडले होते आणि जो तो आपल्या पुढाऱ्याचा अभिमान मिरवीत होता. इफिसाहून पत्र लिहिताना पौल आठव्या वचनात या लोकांच्या तृप्तीचे, श्रीमंतीचे आणि राजेपणाचे जणू कौतुकच करतो. दहाव्या वचनात तो स्वतःला मूर्खांत व त्यांना शहाण्यांत बसवतो. हे कौतुक खरे नव्हे. हा उघड उपरोध आहे.

शास्त्रात उपरोध वर्ज्य नाही. कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांची थट्टा केली (१ राजे १८:२७). पण एलीया समोर उभा राहून बोलत होता. पत्राला ना चेहरा असतो, ना आवाज. "वा, फारच काम केलेत!" हे तोंडाने म्हटले, तर सुरावरून लहान मूलही अर्थ ओळखते. तेच चिठ्ठीत लिहिले, तर भोळा मनुष्य आभार मानतो आणि हळवा मनुष्य खऱ्या स्तुतीलाही टोमणा समजतो.

इंग्लंडच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. पुढे १७१९ मध्ये 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डिफो हा राज्याच्या अधिकृत मंडळीबाहेरचा प्रॉटेस्टंट होता. अशांना तेथे डिसेंटर म्हणत. त्यांचा द्वेष करणाऱ्या कडव्या पक्षाची फजिती करावी म्हणून डिफोने १७०२ च्या डिसेंबरात एक निनावी पुस्तिका काढली. तीत त्या पक्षाचाच आव आणून त्याने सुचविले की, डिसेंटरांच्या उपदेशकांना फाशी द्यावे व त्यांच्या सभांना जाणाऱ्यांना हद्दपार करावे. कडव्यांपैकी काहींनी ती खरी मानून वाखाणली, डिसेंटर घाबरले. लेखक कोण हे कळताच दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या. मागाहून त्याने खुलासा छापला, पण उपयोग झाला नाही. १७०३ मध्ये पुस्तिका जाहीरपणे जाळण्यात आली. डिफोला दंड व तुरुंगवास झाला आणि जुलैत तीन दिवस मान व हात लाकडी चौकटीत अडकवून त्याला लोकांसमोर उभे करण्यात आले. त्याचा विटाकौलांचा कारखानाही बुडाला.

पौलाने मात्र खुलासा मागाहून करण्यासाठी ठेवला नाही. चौदाव्या वचनातच तो सांगतो की, आपला हेतु त्यांना लाजविण्याचा नसून प्रिय मुलांप्रमाणे बोध करण्याचा आहे. सतराव्या वचनात तो तीमथ्याला पाठविल्याचे कळवितो आणि एकोणिसाव्यात स्वतः येण्याचे ठरवितो. म्हणजे टोचणाऱ्या शब्दापाठोपाठ सरळ शब्द, मग विश्वासू मनुष्य, आणि शेवटी समक्ष भेट. आपल्या एका आधीच्या पत्राचा अर्थ पुन्हा उलगडून सांगण्याची वेळ आली, तेव्हाही त्याने कमीपणा मानला नाही (५:९-११).

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांना हा पाठ अधिकच लागू पडतो. आपली पुष्कळ मुले कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीतून शिकतात. आजीचा मराठी टोमणा ती समोर असता समजतात. पण वार्षिक अहवालातील वा मोबाईलवरील संदेशातील तोच टोमणा त्यांना शब्दशः खरा वाटू शकतो. कमिटीच्या नोटिशीतील एका तिरकस ओळीमुळे कोणी उपासनेला येणे सोडले, तर ती ओळ कितीही चतुर असो, फार महाग पडली असे आम्ही म्हणू.

म्हणून प्रिय वाचकहो, राग आला असता उपरोध लिहू नये, सरळ लिहावे. लिहिलाच, तर त्याच कागदावर आपले मन उघड करावे. आणि असे लिखाण आपल्याला आले, तर उत्तर लिहिण्याआधी त्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरी जाऊन विचारावे.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न :
१) आठव्या वचनात उपरोध आहे हे कशावरून ओळखावे?
२) चौदावे वचन पत्रात नसते, तर करिंथकरांनी काय समजले असते?
३) लिहून पाठविण्यापेक्षा जाऊन बोलणे बरे, अशी कोणती गोष्ट आज आपल्या मनात आहे?