कर्णाचे जन्मरहस्य : आधी ठरलेले की मागाहून जोडलेले?

नायकाचे खरे आईबाप कोण, हे गुपित कथाकाराने पहिल्यापासूनच ठरविलेले असते, की कथा बरीच पुढे गेल्यावर त्याला ते सुचते? चित्रमालिकांतील अचाट शक्तीच्या वीरांविषयी हा वाद विद्यार्थ्यांत नेहमी रंगतो. आमच्या वाङ्मय मंडळात तो निघाला, तेव्हा बोलता बोलता गाडी कर्णावर येऊन थांबली. ते साहजिकच होते. आपल्या जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, त्यामुळे भारतातील माणसे इकडे शेजारपाजारचीच वाटतात. कर्णाच्या जन्माचे रहस्य मूळ कथेतले की मागाहून घातलेले, याचा विचार मी येथे करणार आहे.

प्रथम दोन अर्वाचीन उदाहरणे घेऊ. सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेत अवतरला. दूरच्या ग्रहावरील एका शास्त्रज्ञाने आपले तान्हे मूल यानात घालून पृथ्वीकडे धाडले, एवढेच त्या वेळी सांगितले होते. आईबापांची नावे १९३९ साली वृत्तपत्रातील मालिकेत आली. 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेत खलनायक डार्थ व्हेडर हाच नायकाचा बाप, हा गौप्यस्फोट १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात झाला. परंतु ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली लिहिलेल्या त्याच्या पहिल्या मसुद्यात नायकाचा बाप आणि व्हेडर ही दोन निराळी पात्रे आहेत. म्हणजे हे नाते मागाहून जुळविले गेले. येथे मसुदा उपलब्ध असल्याने निवाडा सोपा जातो.

व्यासांचा मसुदा आपल्याजवळ नाही. हस्तलिखिते मात्र आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत डॉ. वि. सी. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. १९६६ साली ते कार्य पूर्ण झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून जो पाठ सर्वांच्या मुळाशी दिसतो तो वर छापावयाचा आणि मोजक्याच पोथ्यांत आढळणारी भर खाली टिपांत द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. आपल्या प्रश्नासाठी याहून चांगली चाळणी नाही.

या चाळणीतून काय गळते ते आधी पाहू. स्वयंवरमंडपात द्रौपदीने 'मी सूताला वरणार नाही' असे म्हणून कर्णाला हिणविले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात तो नाही. तेथे धनुष्य न पेलणाऱ्या राजांत कर्णाचेही नाव येते, इतकेच. म्हणजे कर्णाच्या जातीवरून झालेला सर्वांत गाजलेला अपमान ही मागाहूनची भर ठरते. जन्मरहस्याचेही असेच असेल काय?

तसे दिसत नाही. आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग पाहा. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो. इंद्राचे मेघ अर्जुनावर छाया धरतात, तर सूर्य कर्णाजवळचे ढग हटवितो. दोन्ही पुत्र ओळखणारी कुंती मूर्च्छित होते आणि विदुर तिला सावध करतो. हे सारे मुख्य पाठात आहे. शिवाय कर्णाची जन्मकथा श्रोत्यांना या प्रसंगापूर्वीच सांगून झालेली असते. येथे चित्रमालिका आणि महाभारत यांतील भेद ध्यानात येतो. चित्रमालिकेत गुपित प्रेक्षकांपासून लपविलेले असते. महाभारतात ते पात्रांपासून लपविलेले असते. श्रोत्याला चकित करणे हा व्यासांचा हेतूच नाही. सर्व ठाऊक असूनही ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा, हा तो हेतू होय.

दुसरा पुरावा उद्योगपर्वातील. कृष्ण कर्णाला रथात घेऊन जन्माची हकीकत सांगतो. ती कर्णाला आधीच ठाऊक असते. ही गोष्ट गुप्त ठेव, अशी विनंती तोच कृष्णाला करतो. कारण युधिष्ठिराला कळले तर तो राज्य घेणारच नाही. पुढे कुंतीला तो शब्द देतो की अर्जुनाखेरीज तुझ्या कोणाही पुत्राला मी मारणार नाही. आणि युद्धात भीम, नकुल, सहदेव व युधिष्ठिर हे चौघेही हाती सापडले असता तो त्यांना जिवंत सोडतो. रहस्य काढून टाकले तर हे चारही प्रसंग निरर्थक होतात. स्त्रीपर्वात कर्णालाही तिलांजली द्या असे कुंती पुत्रांना सांगते, त्याला आधार उरत नाही, आणि शांतिपर्वाच्या आरंभीचा युधिष्ठिराचा शोकही पोकळ ठरतो. मागाहून लावलेले ठिगळ उसवता येते. हा धागा उसवला तर वस्त्रच फाटते.

तथापि एक जागा मला संशयास्पद वाटते. शांतिपर्वात युधिष्ठिर म्हणतो की द्यूतसभेत कर्णाची कठोर वाक्ये ऐकून मला संताप येई, पण त्याच्या पायांकडे दृष्टी जाताच तो निवे. कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. तपशील हृदयस्पर्शी आहे. परंतु ज्या सभापर्वात हे घडले म्हणावयाचे तेथे युधिष्ठिर कर्णाच्या पायांकडे पाहत असल्याचा उल्लेख मला आढळत नाही. शेवट माहीत असलेल्या कोणा कवीने मागे वळून ही खूण पेरली असावी. मागाहून केलेली जुळवणी असते ती अशी.

येथे एक आक्षेप येईल. सर्व पोथ्यांच्या मुळाशी असलेला पाठ म्हणजे व्यासांचा पहिला शब्द नव्हे. भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची होती असे महाभारतच सांगते. व्यास, वैशंपायन आणि सौती असे तीन कर्ते भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी मानले. त्या आद्य कथेत कर्ण खरोखरच अधिरथाचा मुलगा असला तर? ही शक्यता पोथ्यांच्या आधारे खोडून काढता येत नाही.

आणि हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. अर्जुनाच्या तोडीचा वीर सूताच्या घरी जन्मूच शकत नाही, असे वाटून कोणी त्याला कुंतीच्या पोटी घातले असेल, तर ते गुपित म्हणजे कर्तृत्वाची कुळापुढील शरणागती होय. घराण्यातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या आपल्यातील अनेकांना हा मुद्दा बोचल्यावाचून राहणार नाही. दुर्योधनाचेच पाहा. शूरांचे व नद्यांचे मूळ शोधणे कठीण, असे तो प्रथम म्हणतो. आपली 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ' ही म्हण येथे आठवते. पण लगेच, हरिणीच्या पोटी वाघ कसा जन्मेल, असेही तो विचारतो. मित्रालाही कुळाचा मोह सुटत नाही.

मात्र कर्णाने कृष्णाला दिलेले उत्तर वाचले की ही शंका मावळते. मला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, सूतकुळातच माझे विवाह झाले. पृथ्वीच्या राज्यासाठी हे नाते मी तोडणार नाही, असा त्याचा आशय आहे. राजकुळ हात जोडून दारी आले असता त्याने राधेय राहणे पत्करले. जन्माचे रहस्य नसते तर या नकाराला किंमतच आली नसती. ज्याच्यापुढे निवडच नाही, त्याच्या निष्ठेची परीक्षा कशी होणार?

शिरवाडकरांनी आपल्या नाटकाला 'कौंतेय' हे नाव दिले. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून घरोघर कर्ण पोहोचविला. विठ्ठल उमपांनी गाजविलेल्या 'जांभूळ आख्याना'त तर द्रौपदीच्या मनातही कर्ण आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जी आमिषे दाखवितो त्यांत द्रौपदीही आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लोककथेची ही झेप सर्वस्वी निराधार वाटत नाही.

तात्पर्य, हे रहस्य आज हाती असलेल्या महाभारताच्या रचनेतच विणलेले आहे; पायांच्या साम्यासारखी एखादी खूण तेवढी मागाहूनची असावी. त्यापूर्वीच्या कथेविषयी निर्णय देता येत नाही. पण रहस्य ज्याने कोणी योजिले, त्याने ते कुळाची थोरवी गाण्यासाठी वापरले नाही. कुंतीचा थोरला पुत्र ही ओळख समोर ठेवून ती नाकारण्याचे सामर्थ्य त्याने कर्णाला दिले. कर्णाचा मोठेपणा मला त्या नकारात दिसतो.